अकराव्या टेबलावरची पिशवी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (हा कागदावरचाच गोड मानून घे. गुडघे हल्ली खाली जायला राजी असतात, वर यायला नसतात.)

तुझं पत्र पोचलं. डोळ्यांत थेंब दिवसातून चार वेळा घालतेस ना? ऑपरेशननंतर तुझं अक्षर चांगलंच सुधारलं आहे, त्यामुळे त्यातला राग मला अगदी स्वच्छ वाचता आला. तू लिहितेस, की दर रविवारी मी फोन करतो आणि मग मुक्यासारखा बसून राहतो. तू अर्धा तास बोलतेस आणि पलीकडून साधं 'हं'सुद्धा येत नाही, भावाशी बोलते आहे की भिंतीशी तेच कळत नाही. तक्रार रास्त आहे. तिचं उत्तर याच पत्रात आहे, फक्त जरा आत आहे. तोवर धीर धर. आणि खालच्या मजल्यावरचा तो रेडिओवाला अजून पहाटे बातम्या लावतो का? त्याला तू एकदा तुझ्या आवाजात बोल, म्हणजे तो रेडिओ विकून टाकेल.

तर मुद्दा असा. तुला ठाऊकच आहे, की निवृत्त झाल्यावरही पाणीखात्याने मला जुने नकाशे यादीला लावण्यासाठी परत बोलावलं. जमिनीखालचा कुठला नळ कुठून वळतो, हे आता ते नकाशे आणि मी, एवढ्यांनाच माहीत आहे, आणि आम्हा दोघांच्याही कडा झिजल्या आहेत. बोलावलं खरं, पण टेबल दिलं नाही. माझ्या जुन्या टेबलावर आता झेरॉक्सचं मशीन बसतं. (माझ्यापेक्षा जास्त काम करतं आणि कविता म्हणत नाही, असं मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाखेच्या प्रमुख. अंगाने बारीक आहेत.) मग मी रोज सकाळी कोण रजेवर आहे ते बघतो आणि त्याच्या खुर्चीत बसतो. आज आवक-जावकच्या खिडकीपाशी, उद्या तक्रारींच्या काउंटरमागे, परवा जिन्याजवळ. अशी माझी अकरा टेबलं आहेत, म्हणजे एकही नाही.

अशा फिरत्या माणसासाठी कचेरीत एक सोय असते, तिला रोमिंग प्रोफाइल म्हणतात. नावाला घाबरू नकोस. आपण शाळेत वर्ग बदलला की दप्तर पाठीला मारून दुसऱ्या वर्गात जाऊन बसायचो ना, तोच प्रकार. जिन्याखालच्या थंड खोलीत सर्व्हर म्हणून कपाटाएवढं एक मशीन आहे, माझं दप्तर तिथे राहतं. मी कुठल्याही टेबलावर बसून नाव आणि पासवर्ड टाकला, की ते दप्तर तारेतून त्या टेबलापर्यंत येतं. माझ्या फायली, पडद्यावरचं माझं तळ्याचं चित्र, सगळं जिथल्या तिथे. संध्याकाळी बंद केलं, की दिवसभरात जे नवं झालं त्याच्यासकट परत कपाटात. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी दुपारपर्यंत एकही नकाशा उलगडला नाही. माणूस जिथे बसेल तिथे त्याचं टेबल त्याच्या मागोमाग चालत येतं, ही कल्पना आपल्या तिसरीच्या पुस्तकात सहज शोभली असती, खाली बैलाच्या चित्रासकट.

आता या दप्तराची एक अडचण. ते येताना वेळ लावायचं. पडद्यावर 'स्वागत आहे' असं यायचं आणि त्याखाली एक चक्र फिरत राहायचं. इतरांचं चक्र दहा-बारा मिनिटं फिरे, माझं कधी कधी पाऊण तास. खरं सांगतो ताई, मला त्याचं काही वाटत नसे. उलट आयुष्यात इतकी वर्षं कुणी माझं इतका वेळ स्वागत केलं नव्हतं. सगळा हॉल चहाचे कप धरून चक्राकडे बघत बसलेला, खिडकीतून ऊन कागदांवर आलेलं, अशा वेळी आवक-जावकच्या बाई म्हणायच्या, "काका, फिरतंय तोवर होऊन जाऊ द्या एक." मग मी एक म्हणायचो. दुसरीतली मुंगीची, चौथीतली धरणाची, नाही तर ती कुंभाराच्या चाकाची (ही चक्राला फार साजेशी, म्हणून वरचेवर फर्माईश). मोठ्या बाई केबिनचं दार लावून घ्यायच्या, पण पूर्ण नाही. आमच्या शाखेत इतका सलोखा मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

पण काउंटरपलीकडच्या लोकांना काही हे सुख नव्हतं. कुणाचा नळ फुटलेला, कुणाच्या जिन्यात तळं झालेलं, आणि इकडून उत्तर, "मशीन चालू होतंय, बसा." एका गृहस्थाने तर तक्रारीच्या कागदावर लिहून दिलं, की पाणी गळतंय आणि आतून कवितेचा आवाज येतोय. तो कागद वर गेला आणि वरून एक संगणकतज्ज्ञ खाली आला.

त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. कारण तो पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून विचारायचा, "त्रास कधीपासून होतोय? सकाळी जास्त असतो की दिवसभर? आधी कुणाला दाखवलं होतं?" चाळिशीचा, शांत, मनगटावर मोठं घड्याळ. पासवर्ड टाकला की तो घड्याळ दाबायचा आणि वहीत मिनिटं टिपायचा. दोन दिवस त्याने तारा बदलल्या, खोकी उघडली, धूळ फुंकली. तिसऱ्या दिवशी त्याला पहिलं दुखणं सापडलं. तीन वर्षांपूर्वी भंगारात काढलेल्या एका प्रिंटरला इथलं प्रत्येक मशीन रोज सकाळी हाक मारत होतं, उत्तराची वाट बघत थांबत होतं, आणि मग निराश होऊन कामाला लागत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, यावर कविता होईल." तो म्हणाला, "काका, यावर चार मिनिटं वाचतील," आणि त्याने ती हाक काढून टाकली.

चार मिनिटं वाचली, पण आठ उरली. मग त्याने प्रत्येकाच्या दप्तराचं वजन केलं आणि यादी भिंतीवर लावली. इतरांची वजनं किरकोळ होती. मोठ्या बाईंचं जरा भारी निघालं (भाचीच्या लग्नाचे फोटो, त्यांनी यादीसमोर उभं राहून पेन मागितलं, पण खोडलं नाही). आणि सगळ्यांत वर, इतरांची सगळी दप्तरं एकत्र बांधली तरी भरणार नाहीत इतकं, माझं. साडेतेरा जीबी. जीबी म्हणजे काय ते मलाही नीट सांगता येत नाही, पण डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ते फार असावं.

"काका," तो माझ्याशेजारी स्टूल ओढून म्हणाला, "रोज एवढी पिशवी घेऊन गावभर फिरता? सकाळी तुमची पिशवी तारेतून जात असते, आणि बाकी सगळे मागे रांगेत."

"नकाशे एवढे जड असतात?" मोठ्या बाई दारातून म्हणाल्या.

नकाशे नव्हते ताई. पिशवीत कविता होत्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांतल्या, पहिलीपासून सातवीपर्यंतच्या. ती पुस्तकं आता कुठे मिळत नाहीत, आणि त्या सगळ्या कविता चालीसकट येणारी माझ्या माहितीत एकच व्यक्ती आहे. त्या व्यक्तीच्या आवाजात मी त्या तीन वर्षं मोबाइलमध्ये धरून ठेवत आलो आहे, आठवड्याला एक, दीडशे झाल्या. (व्यक्ती कोण, ते एवढ्यात विचारू नकोस.) घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइल भरून वाहतो, म्हणून सोमवारी त्या कचेरीतल्या पडद्यावर आणून ठेवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत कानाला लावून वहीत उतरवायच्या, असा माझा क्रम. आता दीडशे कवितांचं वजन खरं तर साडेचारच होतं. पण मी टंकलेखन शिकलो ते कार्बनच्या काळात. मूळ प्रत, स्थळप्रत आणि एक जादा प्रत, याशिवाय माझ्या हातून कागद सुटत नाही. तसंच प्रत्येक कवितेचं केलं होतं, तीन-तीन. शिवाय नवी कविता आली की ती अकारविल्हे आपल्या जागी बसवायची आणि पुढच्या सगळ्यांचे अनुक्रमांक बदलायचे, हे दर सोमवारी. डॉक्टर म्हणाला, तुम्ही नाव बदललंत की मशीनला ती नवीनच वस्तू वाटते, आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून उचलून नेतं. म्हणजे सबंध शाखेची सकाळ माझ्या नीटनेटकेपणाने खाल्ली होती. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटला याचं पुन्हा वाईट वाटलं.

डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, दोन-दोन प्रती काढून टाका, उरलेल्या मी उद्या न फिरणाऱ्या जागेत ठेवून देतो. इथे थांबलो असतो तर हे पत्र दीड पानाचं झालं असतं. पण त्या संध्याकाळी तक्रारींच्या टेबलावर बसून मी स्वतःच्या डोक्याने विचार केला. (तू लहानपणी म्हणायचीस, हा विचार करायला लागला की बादली बाजूला ठेवा.) विचार असा, की ही पिशवी मी ज्या टेबलावर बसतो त्या टेबलावर दिसते. टेबलं अकरा. म्हणजे पिशव्या अकरा. मग एका टेबलावरची सगळीच्या सगळी काढली तरी दहा उरतात, आणि यादीतलं माझं वजन मात्र उद्या सकाळी मोठ्या बाईंना शून्य दिसेल. स्थळप्रतीच्या हिशेबाने यात चूक काहीच नव्हती. मी तिन्ही प्रती काढल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. आणि हात झटकून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या टेबलावर बसलो. पासवर्ड टाकला, आणि चक्र उगवलं तेच मावळलं. चाळीस सेकंद. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पडद्यावर माझं तळं होतं, आणि तळ्यात काहीच नव्हतं. पिशवी नाही. मी हसून म्हटलं, हिचं या टेबलाशी पटत नसेल, आणि आवक-जावकच्या बाईंना उठवून त्यांच्या खुर्चीत बसलो. तिथेही तळं. मग पुढचं टेबल, मग त्यापुढचं. ताई, मी अकरापैकी दहा टेबलं फिरलो. टेबलागणिक लोक आपापल्या खुर्च्यांतून उठत गेले. शेवटी आवक-जावकच्या बाईंनी डॉक्टरला हाक मारली.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मग हळू आवाजात समजावलं. पिशव्या अकरा नव्हत्याच. पिशवी एकच, कपाटातली. टेबलांवर होत्या त्या तिच्या सावल्या. काल मी तक्रारींच्या टेबलावर पुसलं ते बंद करताना कपाटातही पुसलं गेलं, आणि आज मी ज्या ज्या टेबलावर आशेने जाऊन बसलो, तिथल्या सावलीला कपाटाकडून निरोप मिळाला, की तूही जा. म्हणजे दहा ठिकाणची पिशवी मी स्वतः, एकेका खुर्चीत बसून, नाव आणि पासवर्ड देऊन पुसत आलो होतो. कपाटाची राखीव प्रत असते, पण त्यातून आवाज आणि फोटो गाळायचे असं कुणीतरी जागेअभावी ठरवलेलं. वहीत शब्द होते ताई, पण शब्दांना काय करू? चालीवरचा तो हेलकावा, मध्येच लागणारी धाप, धरणाच्या कवितेत तिसऱ्या कडव्यानंतर ठरलेलं खाकरणं, हे वहीत कसं उतरणार? मी स्टुलावर बसून राहिलो. मोठ्या बाईंनी स्वतः पाणी आणून दिलं.

"टेबलं अकरा म्हणालात," डॉक्टर म्हणाला. "बसलात किती?"

"दहा."

"अकरावं कुठलं?"

नकाशांच्या खोलीतलं. तिथला पंखा कण्हतो, म्हणून मी चार महिने तिकडे फिरकलो नव्हतो.

"तिथे बसू नका. हातसुद्धा लावू नका," असं म्हणून तो जो पळाला, तो मी त्याला पहिल्यांदाच पळताना पाहिला. मागून मी, मागून आवक-जावकच्या बाई, त्यांच्यामागे हातात फाइल धरून मोठ्या बाई. काउंटरपाशी एक गृहस्थ गळका नळ सोबत घेऊनच आले होते, तेही काय झालं बघायला आत आले. डॉक्टरने आधी त्या मशीनच्या पाठीतली जाड तार ओढून काढली. म्हणाला, आता कपाटाचा निरोप इथे पोचणार नाही. या मशीनला अजून माहीतच नाही की पिशवी गेली. मग मला म्हणाला, बसा आता. माझी बोटं पासवर्डावर दोनदा चुकली. (पासवर्ड म्हणजे मुंगीच्या कवितेची पहिली ओळ आहे, जरा लांबच आहे.) तिसऱ्यांदा लागला. चक्र फिरलं. तळं आलं. आणि तळ्याच्या काठी पिशवी, चार महिन्यांपूर्वी ठेवली होती तशी, अनुक्रमांकासह, तिन्ही प्रतींत.

खात्री करायला डॉक्टरने त्यातली पहिली लावली. पंखा बंद होता आणि स्पीकरचा आवाज पूर्ण मोठा होता. पहिलं वाक्य काय ऐकू आलं ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर कुंभाराच्या चाकाची कविता सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत त्या खोलीतून कुणी हललं नाही, गळका नळसुद्धा. संपल्यावर डॉक्टरने विचारलं, "तुमच्या शाळेतल्या बाई का?" मी म्हटलं, "त्यांच्याहून कडक."

आता सगळं सुरळीत आहे. पिशवी न फिरणाऱ्या जागी आहे, एकच प्रत, डॉक्टरने माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं. (तीन पेन ड्राइव्हवर आणखी तीन आहेत, ते त्याला सांगू नकोस.) सगळ्यांची मशीनं मिनिटभरात चालू होतात, नळ वेळेवर दुरुस्त होतात. सकाळी कविता म्हणायला वेळ उरणार नाही म्हणून मी जरा खट्टू होतो, पण गेल्या आठवड्यापासून आवक-जावकच्या बाई पाऊण तास आधी येतात आणि मशीन चालूच करत नाहीत. मोठ्या बाईंचं दारही हल्ली तेव्हा सताड उघडं असतं. गेले ते फक्त शेवटच्या चार महिन्यांतले सोळा रविवार. त्यांतले पंधरा वहीत उतरलेले होते, एक राहिला. त्याचं दुःख आहे, पण एवढ्या मोठ्या पुरातून एवढंच वाहून गेलं, म्हणून मी एकंदरीत सुखात आहे. तुझ्या भावजयीची तब्येत ठीक. तिने नमस्कार सांगितला आहे, जरा तुटक सांगितला, कारण खाली येईल.

तुझा,
धाकटा

ता. क. तू ओळखलंच असशील. ती व्यक्ती तू. तीन वर्षं दर रविवारी एक कविता मागायची आणि तुला न सांगता तो सबंध फोन मोबाइलमध्ये धरून ठेवायचा, असं मी करत आलो. सांगितलं असतं तर तू घसा साफ करून, पदर सावरून, रेडिओवरच्यासारखी म्हटली असतीस, मला ती नको होती. मी बोलत नाही ते एवढ्यासाठीच. माझा 'हं' मध्ये आला की ओळ तुटते.

दुसरा ता. क. नकाशांच्या खोलीत ऐकू आलेलं पहिलं वाक्य असं, "जेवलास का रे गाढवा, की आजही तिने ते पाण्यासारखं वरण केलंय?" तेव्हापासून मोठ्या बाई मला रोज विचारतात, काका, ताई काय म्हणतात. एक पेन ड्राइव्ह घरी आणून टीव्हीला लावल्यावर तुझ्या भावजयीनेही उरलेलं सगळं ऐकलं, एकशे चौतीसच्या एकशे चौतीस, हातातलं काम सोडून. ती म्हणाली, "वन्संचा गळा अजून छान आहे, तेवढा वरणाचा भाग काढता येत असेल तर डॉक्टरना विचारा."

तिसरा ता. क. विनंती अशी, की जो एक रविवार वहीत उतरला नाही, तो टेकडीवरच्या झाडाच्या कवितेचा. 'टेकडीवरल्या एका झाडा, कोण तुझ्याशी बोलत असतं?' एवढं मला आठवतं, शेवटच्या कडव्यात झाड काय उत्तर देतं ते आठवत नाही. येत्या रविवारी तेवढी पुन्हा म्हण. मी गप्प बसेन.

शेवटचा ता. क. वर लिहिलेलं खरं नाही. ते कडवं वहीत आहे आणि मला पाठही आहे. गेलं ते त्यानंतरचं. त्या रविवारी कविता संपल्यावर तू "ठेवते" म्हणालीस, पण फोन नीट ठेवला नव्हतास. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांनी विचारलं कोण होतं, आणि तू म्हणालीस, "धाकटा माझा. सत्तरीला टेकला, पण एक रविवार चुकवला नाही. गुणी आहे हो." अडुसष्ट वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याच्या तिन्ही प्रती माझ्याच हाताने पुसल्या. तेव्हा रविवारी कविता झाली की फोन नीट ठेवू नकोस. शेजारच्या बाईंना आधीच बोलावून ठेव.